ना विद्यार्थी, ना नोकरदार

पीएच.डी. झाली म्हणजे शिक्षण संपले, आता चांगली नोकरी लागणार, असा घरोघरी समज असतो. रसायनशास्त्रात तो बहुतेक वेळा खोटा ठरतो. नावामागे 'डॉक्टर' लागल्यावरही मुलगा किंवा मुलगी आणखी दोन, चार, कधी सहा वर्षे कुठल्यातरी प्रयोगशाळेत 'पोस्टडॉक' म्हणून राबत असते. लग्नकार्यात भेटलेले काका विचारतात, 'अजून शिकतोच आहेस का?' सरळ उत्तर देता येत नाही, कारण ते व्यवस्थेलाही देता येत नाही. हा विद्यार्थी नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या सवलती नाहीत. कर्मचारीही नाही, त्यामुळे भविष्य निर्वाह निधी, बढती, सेवाज्येष्ठता यांपैकी बहुधा काहीच नाही. पगाराला पगार म्हणायचे नाही, ती 'फेलोशिप'. आणि प्रयोगशाळेतील बरेचसे अवघड काम मात्र याच माणसाच्या हातून होते.

हा विषय आत्ता काढण्याला कारण आहे. आपल्याकडचे रसायनशास्त्रातील पीएच.डी.धारक आजवर मोठ्या संख्येने अमेरिकेची वाट धरत आले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून किंवा मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून पदवी घ्यायची, दोन-तीन वर्षे अमेरिकेत काढायची आणि मग तिकडेच किंवा इकडे स्थिरावायचे, हा ठरलेला रस्ता. २०२५ मध्ये त्या रस्त्यावर खड्डे पडले. ऑगस्टमध्ये 'जे-१' या अभ्यागत व्हिसाचा मुक्काम चार वर्षांपुरता बांधून टाकणारा नियम प्रस्तावित झाला. सप्टेंबरमध्ये देशाबाहेरून मागवल्या जाणाऱ्या नव्या 'एच-१बी' व्हिसा अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले गेले. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीत निम्म्याहून अधिक कपात करण्याचा प्रस्तावही त्याच वर्षी त्या सरकारने मांडला. प्रस्ताव आणि प्रत्यक्ष कपात यांत अंतर असते हे खरे. पण ज्या प्राध्यापकाला पुढल्या वर्षीच्या पैशांची खात्री नाही, तो नवा माणूस घेताना हात आखडताच घेणार.

म्हणजे जे बाहेर जात होते त्यांतले काही आता इथे थांबतील, काही परत येतील. त्यांच्यासाठी इथे काय मांडून ठेवले आहे?

आधी पैशांचे पाहू, कारण तो भाग त्यातल्या त्यात बरा आहे. केंद्र सरकारच्या विज्ञान विभागांकडून मिळणारी रिसर्च असोसिएटची रक्कम जानेवारी २०१९ पर्यंत सुरुवातीच्या पायरीवर महिना ३६ हजार रुपये होती. त्या महिन्यात देशभरचे संशोधक दिल्लीत रस्त्यावर उतरले, त्यानंतर ती ४७ हजार झाली. १ जानेवारी २०२३ पासून तीन पायऱ्यांना अनुक्रमे ५८, ६१ आणि ६७ हजार मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. पंचविशीतल्या एकट्या माणसाला ही रक्कम वाईट नाही. पण पोस्टडॉक पंचविशीत नसतो. एम.एस्सी. तेविसाव्या वर्षी, पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे, प्रबंध सादर करून मौखिक परीक्षा होईपर्यंत आणखी काही महिने, म्हणजे तिशी आलीच. त्या वयात बरोबरीचा अभियंता घराचे हप्ते फेडत असतो.

खरी कोंडी वयाच्या अटींमध्ये आहे. 'इन्स्पायर फॅकल्टी' ही तरुण संशोधकाला पाच वर्षे स्वतंत्रपणे काम करू देणारी आपल्याकडची चांगली योजना. खुल्या गटासाठी तिची वयोमर्यादा ३२. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपची ३५. दुसरीकडे आयआयटीत सहायक प्राध्यापकाच्या वरच्या श्रेणीसाठी पीएच.डी.नंतरचा तीन वर्षांचा अनुभव मागितला जातो. तिशीला पीएच.डी. झाली आणि तीन वर्षांचा अनुभव घेतला की पहिले दार बंद झालेले असते. महिला आणि मागास प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत मिळते, पण एम.एस्सी.नंतर दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवून, घरी पैसे पाठवून मग पीएच.डी.ला आलेल्या खुल्या गटातल्या मुलाचा हिशेब कुणी केलेला नसतो. तारुण्य मोजायचेच तर ते पीएच.डी.च्या तारखेपासून मोजावे. युरोपीय संघाच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपमध्ये तसेच करतात: जन्मतारीख विचारायची नाही, पदवीनंतर संशोधनात किती वर्षे गेली ते विचारायचे, आणि बाळंतपणाची रजा त्यातून वजा करायची.

आता रसायनशास्त्राचे वेगळेपण. पोस्टडॉक ही कल्पनाच मुळात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रातून रुजली. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९१९ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून या दोन विषयांसाठी पीएच.डी.नंतरच्या फेलोशिप सुरू केल्या. हेतू साधा होता: नुकत्याच तयार झालेल्या संशोधकावर शिकवण्याचे ओझे न टाकता त्याला दोन-तीन वर्षे मोकळीक द्यायची. त्या मोकळिकीचे मोल किती, हे हरगोविंद खुराना यांच्या आयुष्यात दिसते. लिव्हरपूलमधून १९४८ मध्ये पीएच.डी. झाल्यावर ते झ्युरिकला व्लादिमीर प्रेलॉग यांच्याकडे गेले. तिथे त्यांना छदामही मिळत नव्हता. साठवलेल्या पैशांवर त्यांनी वर्षभराच्या आसपास दिवस काढले. तिथल्या ग्रंथालयात जुने जर्मन साहित्य चाळताना 'कार्बोडायइमाइड' या काहीशा विस्मृतीत गेलेल्या रसायनांचा वर्ग त्यांच्या नजरेस पडला. दोन रेणूंमधून पाण्याचा अंश काढून घेऊन त्यांना एकमेकांना जोडण्याचे काम ही रसायने सौम्य परिस्थितीत करतात. पुढे न्यूक्लिओटाइड जोडण्यासाठी हेच हत्यार त्यांच्या कामी आले आणि जनुकीय संकेत उलगडण्याच्या वाटेवर ते १९६८ च्या नोबेलपर्यंत पोहोचले. मधल्या काळात ते भारतात आले होते. त्यांना इथे मनाजोगी नोकरी मिळाली नाही, म्हणून ते केंब्रिजला गेले.

वेंकी रामकृष्णन यांचेही असेच. येलमधील पोस्टडॉकनंतर त्यांनी अमेरिकेतल्या सुमारे पन्नास महाविद्यालयांकडे व विद्यापीठांकडे अर्ज केले, एकाकडूनही प्राध्यापकाची जागा आली नाही. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याच माणसाला मिळाले. अशा कथा सांगून तरुणांना 'धीर धरा' म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला त्या कथा उलट बाजूने वाचाव्याशा वाटतात. खुरानांकडे साठवलेले थोडे पैसे नसते तर? पन्नास नकारांनंतर राष्ट्रीय प्रयोगशाळेतली नोकरी मिळाली नसती तर? जे टिकले त्यांची चरित्रे लिहिली जातात, गळाले त्यांची मोजदादही होत नाही. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात २ लाख १२ हजार जण पीएच.डी. करत होते, सात वर्षांपूर्वीच्या संख्येहून ८० टक्क्यांनी जास्त. प्राध्यापकांच्या जागा त्या गतीने वाढलेल्या नाहीत, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

रसायनशास्त्रातील काम घरून करता येत नाही. सेंद्रिय संश्लेषण करणाऱ्याचा दिवस धूर ओढून घेणाऱ्या कपाटासमोर, म्हणजे फ्यूम हूडपुढे जातो. अभिक्रिया लावायची, तासातासाला तिचा नमुना तपासायचा, संध्याकाळी कॉलम लावून मिश्रणातून हवा तो पदार्थ वेगळा करायचा आणि रात्री एनएमआर यंत्रावर नंबर लागला की तो तपासायचा. हे सगळे करताना हाताशी ज्वालाग्राही द्रावके, हवेत आपोआप पेट घेणारे पदार्थ आणि दाबाखालील वायू असतात. नव्या विद्यार्थ्याला यातले धोके कोण शिकवते? कागदोपत्री संस्था. प्रत्यक्षात शेजारच्या बाकावरचा पोस्टडॉक. आणि त्याला कुणी शिकवलेले असते? त्याच्या वेळचा पोस्टडॉक. सुरक्षेचे ज्ञान असे तोंडी उतरत जाते, त्यातली चूकही तशीच उतरते.

१६ मार्च २०१६ रोजी हवाई विद्यापीठातील एका पोस्टडॉक संशोधिकेने या तोंडी परंपरेची किंमत दिली. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण भरलेल्या टाकीचा स्फोट होऊन तिने एक हात गमावला. टाकीवरचा डिजिटल दाबमापक ज्वालाग्राही वायूंसाठी बनवलेलाच नव्हता. याच प्रकारच्या जुळणीत आदल्या दिवशी लहानसा स्फोट झाला होता, तो धोक्याचा इशारा म्हणून कुणी घेतला नाही. त्याआधी २००८ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात हवेशी संपर्क येताच पेटणारे रसायन सिरिंजने काढताना २३ वर्षांची एक संशोधन सहायक भाजली. आग न धरणारा प्रयोगशाळेतला कोट तिच्या अंगावर नव्हता. काही दिवसांत तिचा मृत्यू झाला. अमेरिकी विद्यापीठांतली रासायनिक सुरक्षा या दोन घटनांनंतर बदलली. पोस्टडॉकचा 'व्यावसायिक विकास' असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सादरीकरणाची कार्यशाळा आणि चहा-बिस्किटे येतात. रसायनशास्त्रात त्याची सुरुवात इथून, हात-पाय शाबूत राखण्यापासून होते.

बाहेरच्या देशांनी याबाबत काय केले, हे सरसकट कौतुक न करता पाहण्यासारखे आहे. नॅशनल सायन्स फाउंडेशनने २००९ पासून अट घातली की प्रकल्पात पोस्टडॉकचा पगार मागणाऱ्या प्राध्यापकाने त्याच्या मार्गदर्शनाची एक पानाची योजना जोडावी. पान एकच, त्यामुळे अनेकांनी ते एकमेकांचे उतरवून काढले असणार हे उघड आहे. तरीही त्या पानाने एक गोष्ट केली: मार्गदर्शन ही मेहरबानी नसून ज्या कामासाठी पैसे मिळतात त्याचाच ते भाग आहे, हे लिहून काढावे लागले. अमेरिकन केमिकल सोसायटीने रसायनशास्त्रज्ञांसाठी 'केम-आयडीपी' हे मोफत साधन बनवले. आपल्याला काय जमते, काय आवडते, कोणती नोकरी शक्य आहे आणि तिथे पोहोचायला काय शिकावे लागेल, याचा आराखडा त्यात स्वतः भरायचा असतो. ब्रिटनने २०१९ मध्ये सुधारलेल्या संशोधक-करारात आकडाच घातला: संशोधकाला वर्षाला किमान दहा दिवस स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी मिळाले पाहिजेत. दहा दिवस म्हणजे फार नाहीत. पण बाकावर प्रयोग अर्धवट असताना 'मी उद्या पेटंट कायद्याच्या वर्गाला जातो' असे मार्गदर्शकाला सांगायला माणसाच्या हातात नियम लागतो.

पैशांच्या बाबतीत मात्र आराखड्यांनी नव्हे, संपाने काम केले. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठातले ४८ हजार शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले. त्यांत पोस्टडॉकही होते. त्यांची संघटना आधीपासून होती आणि पहिला करार तिने २०१० मध्येच केला होता. डिसेंबरात झालेल्या नव्या करारात त्यांचा किमान पगार वर्षाला सुमारे ७० हजार डॉलरपर्यंत नेण्याचे ठरले. वर्षभराने राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या सल्लागार गटानेही तोच आकडा सुचवला आणि पोस्टडॉकचा काळ पाच वर्षांवर जाऊ नये असे म्हटले. संस्थेने २०२४ साठी सुरुवातीची रक्कम ६१ हजार डॉलर केली. प्राध्यापकांची कुरकूर अशी की त्याच निधीत आता दोनऐवजी एकच माणूस ठेवता येईल. कुरकूर खोटी नाही. पण पाच-सहा वर्षे पुढे काय हे माहीत नसलेली दोन माणसे ठेवण्यापेक्षा नीट वाढवलेला एक बरा, असे मला वाटते.

आपल्याकडे प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि महाराष्ट्रात ती फार जवळची आहे. तारापूर, रोहा, महाड, लोटे परशुराम, पाताळगंगा, कुरकुंभ ही नावे घेतली तरी लक्षात येते की रसायनशास्त्रज्ञाला लागणाऱ्या नोकऱ्या विद्यापीठाबाहेर आहेत. औषधे, शेतीरसायने, रंगद्रव्ये यांचे कारखाने, आणि पुण्या-मुंबईतल्या करारावर संशोधन करून देणाऱ्या कंपन्या. पण पोस्टडॉकची चार वर्षे तिथे धड जमेस धरली जात नाहीत. एम.एस्सी. करून बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कंपनीत गेलेला मुलगा दहा वर्षांनी ज्या खुर्चीत बसलेला असतो, तिच्या समोर हा डॉक्टर मुलाखत देत असतो. कंपनीवाल्यांचे म्हणणे थोडक्यात असे: याला रेणू बनवता येतो, माल बनवता येत नाही.

यात तथ्य आहे, आणि ते भूमितीत आहे. शंभर मिलिलिटरच्या चंबूत केलेली अभिक्रिया हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये नेली की आकारमान दहा हजार पटींनी वाढते, पण भांड्याचा आकार तोच ठेवला तर पृष्ठभाग केवळ ४६० पटींच्या आसपास. उष्णता निर्माण होते ती सगळ्या द्रवात, बाहेर पडते ती पृष्ठभागातून. म्हणजे दर लिटरमागे थंड होण्याची जागा विसाव्या हिश्श्याहूनही कमी उरली. चंबूत बर्फाच्या पाण्याने आटोक्यात राहणारी अभिक्रिया इथे स्वतःच्याच उष्णतेने वेग घेते, वेगाने आणखी उष्णता होते आणि हे चक्र काही मिनिटांत हाताबाहेर जाते. अमेरिकेत फ्लोरिडातील टी-२ लॅबोरेटरीज या छोट्या कारखान्यात १९ डिसेंबर २००७ ला हेच झाले. थंड करण्याची यंत्रणा बंद पडली आणि स्फोटात चार जण गेले. कंपनी चालवणारे दोघे मालक रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकी शिकलेलेच होते. चौकशी करणाऱ्या मंडळाने अखेर शिफारस केली ती अभ्यासक्रमाची: अशा अभिक्रियांचे धोके पदवीच्या शिक्षणातच शिकवा.

आपल्याकडचा पोस्टडॉक एवढी वर्षे प्रयोगशाळेत काढतो, पण अभिक्रियेतून किती उष्णता सुटते हे मोजणारा कॅलरीमीटर त्याने बहुधा वापरलेला नसतो. औषध उत्पादनाचे नियम, पेटंटचा अर्ज कसा वाचायचा, कच्च्या मालाचा भाव पाहून संश्लेषणाचा मार्ग कसा बदलायचा, यांतले काहीच शोधनिबंधात मोजले जात नाही, म्हणून ते शिकायला वेळ दिला जात नाही. वर्षाकाठी दोन महिने कारखान्याच्या विकास विभागात काढायची मुभा मिळाली तर यातले बरेच सुटेल. इथे सरकारी खर्चाचाही मोठा प्रश्न नाही. केंद्राने जुलै २०२५ मध्ये संशोधन व नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली; तिचा रोख खासगी उद्योगांना स्वस्त, दीर्घ मुदतीचे भांडवल देण्यावर आहे. या पैशातून ज्या कंपन्या प्रयोगशाळा उभारतील त्यांना माणसे लागणारच. भांडवल देताना 'तुमच्याकडे दर वर्षी अमुक पोस्टडॉक दोन महिने येतील' अशी अट टाकायला काय हरकत आहे? गोपनीयतेचे काय, असे उद्योजक विचारतील. गोपनीयतेचा करार लिहायलाही हे लोक तिथेच शिकतील.

स्त्रियांच्या वाट्याला ही वर्षे अधिकच अडचणीची येतात. तीस ते पस्तीस हे मूल होण्याचे वय आणि पोस्टडॉकचेही. केंद्राच्या नियमात प्रसूतिरजा सर्व गटांतील फेलोंना आहे, ही चांगली गोष्ट. पण दोन वर्षांच्या प्रकल्पातून सहा महिने रजा घेतली की प्रकल्पाची मुदत तेवढ्याने वाढतेच असे नाही. शिवाय गरोदरपणी काही द्रावकांपासून दूर राहावे लागते, आणि त्या काळात तिने बाकाऐवजी संगणकावर काय काम करायचे याचा आराखडा आधी करून ठेवावा लागतो. खंड पडल्यावर परतणाऱ्यांसाठी 'वाइज-किरण' आहे. खंड पडूच नये यासाठीची तजवीज मात्र ज्याच्या-त्याच्या मार्गदर्शकाच्या समजूतदारपणावर सोडलेली आहे.

आणि मार्गदर्शक हाच सगळ्याचा मध्य होऊन बसला आहे. नेमणूक त्याच्या प्रकल्पातून, मुदतवाढ त्याच्या सहीने, शोधनिबंधातले नाव त्याच्या मर्जीने आणि पुढच्या नोकरीचे शिफारसपत्रही त्याचेच. चांगल्या मार्गदर्शकाकडे हे खपून जाते. वाईट मिळाला तर तक्रार करायची कुणाकडे? विद्यार्थ्यांचा अधिष्ठाता म्हणतो, हा विद्यार्थी नव्हे. आस्थापना विभाग म्हणतो, हा कर्मचारी नव्हे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रत्यक्षात आले आणि जुन्या मंडळाच्या फेलोशिप त्याच्याकडे गेल्या. पाच वर्षांत ५० हजार कोटींचे उद्दिष्ट असलेल्या या संस्थेला पोस्टडॉकबाबत तीन अटी घालणे कठीण नाही. प्रत्येक यजमान संस्थेत प्रकल्पप्रमुखाखेरीज दुसरा एक प्राध्यापक नावानिशी नेमलेला असावा, ज्याच्याशी वर्षातून दोनदा बसून पुढच्या वाटचालीचे बोलता येईल आणि गरज पडल्यास ज्याचे शिफारसपत्र घेता येईल. फेलोशिपची रक्कम महिन्याच्या ठरल्या तारखेला जमा व्हावी. केंद्राकडून हप्ता उशिरा आला तर संस्थेने आपल्या गंगाजळीतून द्यावी आणि मागाहून वळती करून घ्यावी. आणि फेलोशिप संपल्यानंतर पाच वर्षांनी तो माणूस कुठे काम करतो आहे, याची नोंद संस्थेने संकेतस्थळावर नाव न घालता लावावी. हा तिसरा तक्ता लागला, तर पुढच्या वर्षी अर्ज करणारी मुले प्रयोगशाळा निवडताना शोधनिबंधांच्या यादीआधी तोच उघडतील.